दुसरीच्या नंबराची मी

मित्रांनो, मला कुणी जुनी म्हटलेलं खरं तर आवडत नाही. पण बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतली मुलं मला 'ती जुनी गाडी' म्हणूनच ओळखतात, त्याला माझा इलाज नाही. वय म्हणाल तर मी अजून पुरते पाच दसरेही पाहिलेले नाहीत. मात्र माझ्या टपावर आणि बॉनेटवर जांभळे डाग आहेत. साबणाने जात नाहीत, पॉलिशने जात नाहीत. लपाछपी खेळताना माझ्याआड दडलेली मुलं त्या डागांवरून बोट फिरवतात आणि कुजबुजतात, "हिला काय झालंय रे?" आज सांगूनच टाकते काय झालंय ते.

मी एक छोटी, पांढरी, चारचौघींसारखी गाडी. जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. रंग सुकला तेव्हा माझ्या पत्र्यावर, बॉनेट उघडलं की दिसेल अशा जागी, एका यंत्राने सतरा अक्षरं-आकड्यांचा नंबर कोरला. दुखलं थोडं. हा नंबर म्हणजे आमचं जन्माचं नाव. पुढे कुणी कुठलीही पाटी लावो, हे नाव बदलत नाही. माझ्या मागोमाग त्याच पट्ट्यावरून आणखी एक गाडी उतरली. रंग तोच, दिवे तेच, काचा त्याच. नंबरात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. जुळी बहीणच म्हणा ना! मुंबईला येताना ट्रकवर आम्ही एकीमागे एक बांधलेल्या होतो. चार दिवस तिचं नाक माझ्या पाठीकडे होतं. एवढाच आमचा सहवास, पण पहिला म्हणून असेल, तो मनातून गेला नाही.

हायवेवरच्या एका शोरूमच्या मागच्या आवारात आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. दसरा जवळ आला होता. त्या दिवशी गाडी घरी न्यायची म्हणून चाळीस कुटुंबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. माझ्या काचेवर होतं, 'भीमराज, चेंबूर'. बहिणीच्या काचेवर, 'दशरथ, बोरीवली'. कागद, कर्ज, विमा, सगळं त्या चिठ्ठ्यांप्रमाणे आधीच तयार झालं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विक्री विभागातला केतन फडकं घेऊन आला. वाईट नव्हता हो तो पोरगा. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोक काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढणार, काचा लख्ख हव्यात, म्हणून त्याने आम्हा दोघींच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. तेवढ्यात फोन आला. फोन खांद्यात धरून, "हो सर, होईल सर, उद्या साडेअकराला नक्की सर," म्हणत त्याने दोन्ही काचा पुसल्या आणि चिठ्ठ्या परत चिकटवल्या. बहिणीची मला, माझी बहिणीला.

मी ओरडले असते, पण माझा हॉर्न दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही. हे दुःख तुम्हाला कसं कळणार?

सकाळी एक माणूस स्क्रू-पाना घेऊन आला आणि चिठ्ठी पाहून त्याने नंबर प्लेट ठोकल्या. मला बोरीवलीची पाटी लागली, बहिणीला चेंबूरची. पाटी एकीची, अंग दुसरीचं!

आता माझ्या माणसांविषयी सांगते. दशरथ अंधेरीला एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंग विभाग सांभाळतो. त्याची बायको सुलक्षणा. मुलगी अक्षता, तेव्हा साडेतीन वर्षांची. आणि दशरथचे वडील, चंदूआजोबा. मालवणकडचे. सगळी उमेदीची वर्षं लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणण्यात गेली. गिरणी बंद पडली, पण बोटांना धागा तपासायची सवय राहिली. माझ्यात बसल्या बसल्या त्यांनी सीटचं कापड चिमटीत धरलं आणि म्हणाले, "वीण सैल आसा. पण चलात."

त्या दिवशी एक गडबड झाली होती. दसरा म्हणजे पाटीपूजनाचा दिवस. अक्षताची ती पहिलीच पाटी. एकाच्या आकड्यांनी जुळवलेली सरस्वती आजोबा तिचा हात धरून काढणार, असं आठ दिवस घरात चाललं होतं. पण शोरूमची वेळ गाठायच्या नादात पाटी घरीच राहिली. दशरथ कागदांवर सह्या करेपर्यंत आजोबा आणि नात माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. पोरीने रडून गोंधळ घातला. "पाटी! माझी पाटी!"

"गो अक्षू, पाटी घराक रवली म्हणान काय झाला? हयच काढूया," आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, नातीची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि मागच्या डाव्या दाराच्या आतल्या पट्टीवर, काचेच्या खाली, सरस्वती काढायला सुरुवात केली. एक, एक, अजून एक. किल्लीचं टोक रुतत होतं, पण खरं सांगू? कारखान्यात नंबर कोरताना दुखलं होतं तसं हे दुखलं नाही.

तेवढ्यात सुलक्षणाने दार उघडलं. "बाबा! अहो, नवी कोरी गाडी! अजून मुहूर्तसुद्धा झाला नाही आणि तुम्ही ओरखडे काढताय? ती लहान आहे, तुम्हाला तरी कळायला नको?"

आवाज चढला होता. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. आजोबांनी किल्ली खिशात टाकली. "चुकला गो बाय माझा," एवढंच म्हणाले.

तिकडे दशरथसमोर केतनने शेवटचा कागद धरला होता. त्यावर लिहिलं होतं, गाडीवर कोरलेला नंबर कागदाशी ताडून पाहिला.

"सर, बॉनेट उघडून दाखवू?"

दशरथने घड्याळ पाहिलं. मुहूर्ताची चार मिनिटं उरली होती. "राहू दे रे यार, मुहूर्त टळतोय. कुठे करायची सही?"

झाली सही. चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फुटला, फोटो निघाला. तिकडच्या टोकाला बहिणीसमोर भीमराजचं कुटुंब उभं होतं. त्यांच्याही घरी तो दिवस मोठा. तिथेही फोटो निघाला. ती चेंबूरला गेली, मी बोरीवलीला आले. सगळा रस्ताभर आजोबांनी आपला पंजा त्या ओरखड्यावर पालथा ठेवला होता, कुणाला दिसू नये म्हणून.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. रविवारी नॅशनल पार्क, कधी गोराईच्या खाडीपर्यंत, कधी डोंबिवलीला आत्याकडे. दर वेळी आजोबा त्याच जागी बसायचे, मागे डावीकडे. आधी पंजा झाकायचा, मग हळूहळू नुसता अंगठा त्या रेघांवरून फिरायला लागला. आणि सुलक्षणा पुढे बसून आरशात ते पाहायची. तिच्या ओठांवर काहीतरी यायचं. आज बोलू, घरी गेल्यावर बोलू, उद्या बोलू, असं तिचं चाललेलं मला कळायचं. आरसा माझाच आहे ना! पण तेवढ्यात अक्षताला उलटी यायची, नाहीतर दशरथ विचारायचा, "डावीकडून येतोय का गं कोणी?" आणि ते राहून जायचं.

माघात आजोबा गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. पुढे मी रस्त्यावर निघाले तेव्हा माझ्या मागच्या डाव्या चाकावरचा थोडासा भार कमी झाला होता. माणूस काही जड नव्हता. पण आम्हाला कळतं.

सुलक्षणा त्यानंतर आरशात पाहायची तेव्हा तिथे नुसती रिकामी सीट दिसायची आणि दारावरच्या त्या रेघा.

चैत्रात कांदिवलीच्या सिग्नलला मागून एका टेम्पोने मला धडक दिली. माणसं सुखरूप, माझा मागचा बंपर मात्र फाटला. विम्यासाठी गॅरेजमध्ये एक सर्व्हेअर आला. त्याने बॉनेट उघडलं, माझ्या कोरलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवला आणि त्यावर आडवी पेन्सिल घासली. एक एक आकडा कागदावर उमटत गेला. अक्षता पायाच्या बोटांवर उभी राहून पाहत होती.

"काका, जादू!"

सर्व्हेअर हसला नाही. त्याने तो कागद दशरथच्या कागदांशेजारी धरला, पुन्हा पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"ही गाडी कुणाची?"

"म्हणजे? आमची," दशरथ म्हणाला.

"कागदावर तर दुसरीच आहे. शेवटचा आकडा बघा. चोरीची आहे असं मी म्हणत नाही साहेब. पण उद्या पोलिसाने बॉनेट उघडलं तर तो तसंच म्हणेल. विमा तर विसराच. ही रस्त्यावर काढू नका."

बंपर तेवढा बदलला आणि ओढून आणून मला सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी उभं केलं. जांभळाच्या झाडाखाली. तिकडे चेंबूरला फोन गेला, त्यांनीही बॉनेट उघडलं आणि बहीणही तिच्या गल्लीत अडकून पडली.

मग सुरू झाली फोनाफोनी. दशरथची शिफ्ट, म्हणून हे काम सुलक्षणाच्या गळ्यात पडलं. मी कर्जावर घेतलेली, त्यामुळे आरसी बुकावर दशरथच्या नावाखाली बँकेचं नाव. बँक म्हणे, आमचं कर्ज त्या नंबराच्या गाडीवर आहे, बदलायचं तर आरटीओचं पत्र आणा. आरटीओ म्हणे, आधी बँकेची हरकत नसल्याचं पत्र आणा. विमावाले म्हणत, आधी आरसी नीट करा. आणि तिघंही शेवटी एकच विचारत: शोरूमने चूक आमची असं लिहून दिलंय का? ते एक पत्र सोडून सुलक्षणाच्या फाईलमध्ये सगळं होतं.

दुपारी अक्षता बालवाडीत असायची तेवढा दीड तास ती खाली यायची आणि माझ्यात बसायची. घरात फोन लावला की कुकर शिट्टी मारतो, बेल वाजते. माझ्यात बसून दार ओढून घेतलं की सगळं बाहेर राहायचं. बसायची मात्र पुढे नाही. मागे, डावीकडे. फोन कानाला, फाईल मांडीवर आणि अंगठा त्या रेघांवर.

"केतन, मी बोरीवलीहून बोलतेय. अरे, पत्राचं काय झालं?"

"ताई, मॅनेजर म्हणतात, सरांनी नंबर तपासल्याची सही केलीय ना."

"आणि प्लेट कुणी लावली? आम्ही?"

"प्लेट चिठ्ठीप्रमाणे लावली, ताई."

"आणि चिठ्ठी?"

पलीकडे शोरूममधला दुसराच फोन वाजत राहिला.

"केतन? आहेस ना?"

"मी उद्या कळवतो, ताई."

उद्या काही आला नाही. आली ती जांभळं. टपाटप पडायची, माझ्यावर फुटायची, वाळायची. सुरुवातीला दशरथ ओलं फडकं घेऊन पुसायचा. मग आठवड्यातून एकदा. मग नाहीच. माझ्या टायरांतली हवा बसली, वायपरमध्ये पानं अडकली, बॉनेटखाली मांजर व्याली. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. पण उभ्या उभ्या रस्त्याचा आवाज ऐकत राहणं फार कठीण. समोरून शाळेची बस जायची, रिक्षा जायच्या, पाववाल्याची सायकलसुद्धा जायची. मला वाटायचं, एकदा फक्त गेटपर्यंत. एकदा.

गणपती झाले आणि शोरूमचा निरोप आला. उपाय सापडला होता, तोही अगदी सोपा. कागद कशाला बदलायचे? गाड्याच बदलू! चेंबूरची गाडी बोरीवलीला, बोरीवलीची चेंबूरला, पाट्यांची अदलाबदल, दोन्ही मालकांनी एका कागदावर सह्या करायच्या, विषय संपला.

"एका दिवसात सुटतंय बघ," दशरथ बायकोला म्हणाला. "तोच रंग, तेच मॉडेल. आपल्याला काय फरक पडतो?"

सुलक्षणाने मान डोलावली. केतनला फोनवर मात्र म्हणाली, "पितृपक्ष चालू आहे रे. आत्ता नको."

"ताई, नवीन थोडीच घ्यायचीय? आपलीच आपल्याला घ्यायचीय."

अदलाबदलीचा दिवस ठरला.

आदल्या संध्याकाळी दोघं मला रिकामी करायला आली. डॅशबोर्डवरचा गणपती निघाला, सीटखालून अक्षताची क्लिप निघाली, बिस्किटाचा चुरा निघाला. दशरथने डिकी बंद केली. "चल, झालं."

ती मागच्या सीटवरून हलेना.

"सुलू? चल ना गं."

"ही नाही द्यायची मला."

"आता? अगं, उद्या सकाळी ते लोक येतायत. टोइंगवालाही सांगून ठेवलाय."

"हे बघ." तिने दारावर बोट ठेवलं.

"ते? अक्षूने ओरखडलंय. मला माहितेय."

"अक्षूने नाही. बाबांनी. पाटी राहिली होती ना घरी. आणि मी ओरडले त्यांच्यावर, शोरूममध्ये, चारचौघांत. ते मला म्हणाले, चुकला गो बाय माझा." तिचा आवाज फुटला. "त्यांचं काय चुकलं होतं रे? चार महिने रोज ठरवत होते, की बाबांना सांगेन, मी उगाच ओरडले. नाही सांगितलं. आता मी कुणाला सांगू? एवढीच जागा राहिलीय."

दशरथने हातातली पिशवी खाली ठेवली. मग वाकून आत आला आणि बापाच्या रेघांवर अंगठा ठेवला. माझं दार त्या वेळी किती हलकं झालं होतं म्हणून सांगू!

"आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुझ्या बाबांना मी ओरडले म्हणून?"

"सही मी केली," तो म्हणाला. "बॉनेट उघडायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मला मुहूर्त गाठायचा होता." मग तो हळूच म्हणाला, "पण आता शब्द दिलाय गं त्यांना."

ती उतरली आणि तिने माझं दार हलकेच लावलं.

सकाळी टोइंगच्या ट्रकवर बसून बहीण आली. पहिल्या वेळी आम्ही अशाच एका ट्रकवर होतो. आता तिच्या डाव्या अंगाला तीन लांब ओरखडे होते आणि समोर चेंबूरची धूळ. पण दिवे तेच. आम्हाला समोरासमोर उभं केलं. बंपरला बंपर.

मागून रिक्षातून भीमराज आणि त्याची बायको दर्शना उतरली. दोघंही पन्नाशीच्या आतबाहेरची. केतन कागद घेऊन आधीच उभा होता, खाली मान घालून.

"आधीच सांगतो हां," भीमराज म्हणाला, "आमच्या गाडीला ओरखडे आहेत. ही शिकली तिच्यावर."

"शिकली म्हणजे? अजून शिकतेय," दर्शना म्हणाली. "एक भाजीच्या हातगाडीचा, एक गेटचा. आणि तिसरा कुणाच्या स्कूटरचा, तेही सांग ना!"

"स्कूटर उभी होती माझी. उभी!"

सगळे हसले. सुलक्षणासुद्धा हसली. आणि तेव्हा दर्शनाचं लक्ष माझ्या उघड्या दाराकडे गेलं. मागच्या सीटवर अक्षता गुडघ्यांवर उभी होती. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद तिने दारावर दाबून धरला होता आणि त्यावर पेन्सिल आडवी घासत होती. जीभ ओठांतून बाहेर.

"काय करतेयस गं बाळा?"

"आजोबांना काढून घेतेय," मान न वळवता अक्षता म्हणाली. "गाडी तुमची होणार ना. मग आजोबा तुमच्याकडे जातील. म्हणून कागदावर घेतेय. त्या काकांनी नंबर घेतला तसा."

कागदावर पांढऱ्या रेघांची सरस्वती उमटत होती. एकावर एक, एकाला एक जोडलेले. एका कोपऱ्यातली रेघ अर्ध्यात थांबलेली होती. तिथे सुलक्षणाने दार उघडलं होतं.

दर्शनाने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य तिला जमलं नाही.

दर्शना केतनकडे वळली. "केतन, त्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात ना?"

"हो मॅडम. तुमच्या घरची एक आणि यांची एक."

"मग आमची नाही मिळणार."

"अगं, आपण कबूल केलंय ना—" भीमराज.

"तू केलंयस. सेहेचाळीसाव्या वर्षी गाडी शिकले मी त्या गाडीवर. ही घेतली तर पहिल्यापासून सगळे ओरखडे काढावे लागतील." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि यांचं दार नेऊन मी काय करू रे? मला झोप येईल?"

भीमराजने डोकं खाजवलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. "नाही करत सही."

"मॅडम, मग कागद बदलावे लागतील," केतन म्हणाला. "त्याला शोरूमने चूक लेखी द्यावी लागते. मॅनेजर देत नाहीत."

"चूक कुणाची होती पण?" भीमराजने विचारलं. सहजच. रागाने नाही.

केतन माझ्या काचेकडे पाहत होता. जिथे चिठ्ठी होती तिथे. मित्रांनो, त्या काचेआडून मी वर्षभर त्याचीच वाट पाहत होते.

"माझी," तो म्हणाला. "चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. काचा पुसायला. परत लावताना बघितलं नाही. ताई, तुमचा फोन यायचा तेव्हा रोज वाटायचं सांगावं. मी देतो लिहून. माझ्या सहीने."

"नोकरी जाईल रे तुझी," दशरथ म्हणाला.

"बघू."

"थांब. मीपण लिहून देतो, की न बघता सही केली. एकट्यावर कशाला?"

सोसायटीच्या भिंतीवर कागद ठेवून त्या दोघांनी लिहिलं. भीमराज आणि दर्शनाने खाली साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आता दोन्ही मालकांनी अदलाबदलीला नकार दिला होता आणि चूक करणाऱ्याने चूक लिहून दिली होती. मॅनेजरला शोरूमच्या शिक्क्याचं पत्र द्यावंच लागलं. केतनची नोकरी गेली नाही, पण विक्रीतून काढून त्याला सर्व्हिसच्या खिडकीवर बसवलं. ऐकते, तिथे आलेल्या प्रत्येक गाडीचं तो आधी बॉनेट उघडतो.

बहीण ट्रकवर चढून परत गेली. वळणावर तिच्या मागच्या काचेवर ऊन चमकलं. त्यानंतर आमची भेट नाही. चेंबूरहून कधी फोन येतो तेव्हा सुलक्षणा स्पीकर लावते, आणि मला कळतं की चौथा ओरखडाही झाला.

कागद मात्र सावकाश चालले. पत्र बँकेत गेलं, बँकेतून आरटीओत. दसरा मी झाडाखालीच काढला. त्या दिवशी सुलक्षणाने झेंडूचा हार बॉनेटला घातला नाही. मागचं डावं दार उघडून आतल्या मुठीला बांधला. दिवाळी गेली. मग आरटीओचा माणूस आला, पुन्हा कागद, पुन्हा आडवी पेन्सिल, या वेळी अक्षताने त्याला सांगितलं, "काका, हळू घासा, नाहीतर फाटतो." आणि माघात नवी आरसी आली. त्यावर माझा नंबर होता. माझा स्वतःचा. आजोबांच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते.

टायरांत हवा भरली, नवी बॅटरी आली. दशरथने किल्ली फिरवली. दोनदा खोकले, तिसऱ्यांदा सुरू झाले. गेट ओलांडलं तेव्हा माझ्या अंगातून जे गेलं त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात कोण जाणे. सुलक्षणा पुढे बसली नाही. मागे बसली, उजवीकडे. अक्षताला मध्ये घेतलं आणि डावी जागा रिकामी ठेवली. नॅशनल पार्कचं वळण आलं तेव्हा तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहून हळूच, नुसत्या ओठांनी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

माझ्या मागच्या डाव्या चाकावर थोडासा भार आला. तुम्ही म्हणाल, रस्त्यात खड्डा असेल. असेल.

आता अक्षता दुसरीत आहे. पेन्सिलीचा तो कागद आजोबांच्या फोटोच्या चौकटीत, फोटोच्या पाठी ठेवलेला आहे. दारावरच्या रेघा मात्र बोटं फिरून फिरून पुसट होत चालल्या आहेत. मीही एक दिवस जाईन. गाड्या जातातच. त्याचं मला फारसं वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरी नवी वस्तू आली की एकदा तिचं बॉनेट उघडून तिचं खरं नाव वाचा. मुहूर्त अर्धं मिनिट थांबतो. चिठ्ठी चुकली असं कळलं तर त्याच दिवशी सांगा, वर्ष लावू नका. आणि नव्या वस्तूवर कुणी म्हाताऱ्या हाताने रेघ ओढली तर ओरडायच्या आधी जरा वाकून बघा, काय काढलंय ते.

आणि सोसायटीतल्या माझ्या मित्रांनो, रविवारी मला धुवायला याल तेव्हा टपावरचे जांभळाचे डाग हवे तेवढे घासा. गेले तर गेले. पण मागच्या डाव्या दारापाशी आलात की फडकं बाजूला ठेवा आणि तिथे नुसती फुंकर मारा.